सोळा फुटी फायबर बोट : पोटातलं पाणी काढण्याच्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२५

बोट आज दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शॉपवर आली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, खाली उसाचा पाला अंथरून. पंचगंगेकाठच्या एका गावातल्या तरुण मंडळाची आहे. २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून घेतलेली, २०२१ च्या पुरात भरपूर राबलेली. फायबरची, मागं आउटबोर्ड इंजिन लावायची सोय. तक्रार साधी : "चालत्या झ्याक, पण लई जड झालीया. आधी सहा जण उचलून घाटावर न्यायचो, आता धा बी पुरंनात."

पोरांचं म्हणणं, कुठंतरी चीर असणार, बाहेरनं एक कोट मारून द्या. ते करणार नाही असं आजच सांगून टाकलं. आत पाणी असताना बाहेरून लेप मारला, तर नवं पाणी शिरायचं थांबेलही, पण जुनं कायमचं कोंडलं जाईल. आधी आतलं बाहेर, मग वाळवण, बुजवायचं सगळ्यात शेवटी.

इंजिन आणि बसायच्या फळ्या उतरवून बोट चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) टांगली, मध्ये लटकता वजनकाटा लावला. आकडा ३३१ किलो. बनवणाऱ्याच्या पट्टीवर रिकाम्या बोटीचं वजन २४० लिहिलंय. म्हणजे ९१ किलो आगाऊ. मागच्या फळीचं, म्हणजे इंजिन टांगतात त्या उभ्या भिंतीचं, बूच काढलं तर जेमतेम तांब्याभर पाणी आलं. बाकीचं कुठं दडलंय ते शोधायचं.

२० फेब्रुवारी

बोटीची रचना समजून घेतली. तळाच्या वर दुसरा फायबरचा फ्लोअर आहे. दोन्हींच्या मध्ये लांबीच्या दिशेनं दोन दांडे, त्यामुळं तीन कप्पे : मधला मोकळा, डावा-उजवा बोट बुडू नये म्हणून फोम भरलेले. पुढं नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, एक बंद डबा, हवेचा. बूच लागतं ते फक्त मधल्या कप्प्याला. बाकी तिघांना दारच ठेवलेलं नाही. आमच्या मिस्त्रीमामांचं मत : "दार न्हाई त्या घरात चोर शिरला तर बसतोच की वो."

लाकडी हातोडीनं तळ ठोकत गेलो. मोकळ्या जागी आवाज खणखणीत, फोमच्या जागी बद्द. पण फोम कोरडा असो वा भिजलेला, दोन्ही बद्दच वाजतात, तेव्हा ठोकून निम्मंच कळतं. उरलेलं निम्मं कोरोनाच्या वेळी घेतलेल्या तापमापक बंदुकीनं सांगितलं. ती कपाळाच्या मोडवरून पृष्ठभागाच्या मोडवर टाकली आणि दिवसभर उन्हात तापलेली बोट सूर्य मावळल्यावर हातभर अंतरानं मोजत गेलो. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. कोरडी जागा २४ अंशांवर आली तरी उजवा कप्पा मागच्या बाजूला अजून २८ दाखवत होता. खडूनं रेषा मारल्या. उजवा कप्पा जवळजवळ पूर्ण, डावा मागचा अर्धा, नाळेतल्या डब्याचा तळ, आणि मागच्या फळीत इंजिनाच्या बोल्टांभोवती. नकाशा झाला.

२४ फेब्रुवारी

फ्लोअरला प्रत्येक कप्प्याच्या मागच्या टोकाला एक भोक होल सॉनं पाडलं, १०० मिलिमीटरचं. हीच भोकं पुढं झाकणं बसवायला उपयोगी पडणार, म्हणून वाटेल तिथं न पाडता, हात घालता येईल अशा जागी पाडली. मोबाइलला लावायचा वायरवाला कॅमेरा आत सोडला.

मधल्या कप्प्यात तीन आडव्या पट्ट्या आहेत, पाणी मागं वाहून यावं म्हणून प्रत्येकीला खाली भोक. भोकं आहेत, पण तळापासून दोन सेंटिमीटर वर! मीटरभर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद जागेत दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे १६ लिटर, आणि ते कितीही उतार दिला तरी पूर्ण निघणार नाही. शिवाय भोकांच्या कडेला फायबरचे केस तसेच सोडलेले. त्या केसांत केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, मुळं अडकलेली, मुळांत पुराचा गाळ, गाळ वाळून त्याचा दगड. एका भोकातला बोळा चिमट्यानं ओढून काढला तर त्याला भोकाचाच आकार आलेला होता, मधोमध उसाच्या पाल्याची एक काडी.

पाणी उपसायला ओला व्हॅक्यूम चालेना, त्याचं तोंड दोन पट्ट्यांच्या सांदीत जात नाही. त्यावर उपाय उसावर औषध मारायच्या बॅटरी पंपात सापडला. त्यातली बारकी १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर स्वतःच पाणी ओढून घेते, आधी भरावी लागत नाही. तिच्या ओढायच्या बाजूला सलाइनची नळी जोडली. ती इतकी बारीक की पट्टीच्या भोकातून पलीकडं जाते. नळीच्या टोकाला जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळला, नाहीतर गाळानं पंप लगेच बसतो. बोटीची मागची बाजू खाली, मग डावी कूस खाली, मग उजवी, टायरवर टेकवून जॅकनं हळूहळू कलवत गेलो. नळीतून पाणी येतंय का हवा, ते शॉपमधला आमचा मदतनीस बारका कानानंच ओळखायला लागला.

एकूण ३८ लिटर निघालं. मधल्या कप्प्यातलं पाणी काळपट, गाळाचं. उजव्या कप्प्यातलं मात्र नितळ, पिवळसर आणि आंबट वासाचं. तो वास मला आवडला नाही. त्याचं मूळ बोट उलटी केल्यावर कळेल.

३ मार्च

फोमचा निकाल लावायचा होता. मामा म्हणत होते, पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसले बल्ब आत सोडू, वाळेल हळूहळू. वाद घालण्यापेक्षा मोजून बघितलं. भोकातून काढलेला फोमचा तुकडा, साधारण सव्वा लिटर आकाराचा, २४ तारखेला वजन करून पत्र्यावर उन्हात ठेवला होता. तेव्हा ३१० ग्रॅम, आज २५५. हा फोम घनमीटरला ३२ किलोच्या आसपास असतो, म्हणजे एवढा तुकडा कोरडा ४० ग्रॅम हवा. चहूबाजूंनी वारा, डोक्यावर कोल्हापूरचं मार्चचं ऊन, तरी एवढंच. मग बंद कप्प्यात, वर फ्लोअर असताना, तो कधी वाळणार?

नवा असताना हा फोम पाणी पीत नाही हे खरं आहे. त्याचा प्रत्येक फुगा बंद असतो. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला, वरून माणसं नाचली, ट्रॉलीवर आदळला, की फुगे फुटत जातात आणि पाणी एका फुग्यातून दुसऱ्यात सरकतं. जायला वर्षं लागलेली असतात, तेवढ्याच हळू ते परत येतं. मामांनी आकडा बघून तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि ग्राइंडर शोधायला गेले.

८ मार्च

फ्लोअर कापला. कडेनं पाच सेंटिमीटरची पट्टी सोडून कापलाय, म्हणजे तोच तुकडा परत तिच्यावर बसवता येईल. ब्लेड खोल जाऊ नये म्हणून ग्राइंडरला लाकडाची अडणी बांधली. तळाचं फायबर कापलं गेलं तर काम दुप्पट.

फोम खुरप्यानं काढला. वरचा थर कोरडा, भुसभुशीत, हाताखाली करकर वाजणारा. खालचा थर चहात बुडवलेल्या खारीसारखा, उचलला की मधूनच तुटून पडतो आणि बोटांतून पाणी गळतं. सगळा गोणीत भरून काट्याला लावला : ५२ किलो. कोरडा असता तर सहा-साडेसहा भरला असता. बोटीचं वजन आता २४१. बनवणाऱ्याच्या पट्टीवरच्या २४० शी जवळपास जुळलं, पण त्या वजनात फोम धरलेला होता, तेव्हा अजून सात-आठ किलो ओल आणि गाळ शिल्लक आहे. माझा संशय मागच्या फळीवर.

एक बरं, दांड्यांच्या पोटात लाकूड नाही. अर्धा पीव्हीसी पाइप ठेवून त्यावर फायबर चढवलंय. लाकूड असतं तर ते कुजून तेही काढावं लागलं असतं.

१५ मार्च

होळीमुळं दोन दिवस उद्यमनगर थंडच. कप्पे पाण्यानं धुऊन, गाळ काढून, बोट शेडमध्ये उलटी करून ठेवली. बाकी काही नाही.

२० मार्च

काल रंगपंचमी, आज बारक्याचे कान अजून हिरवे.

तळ बघितला. उजव्या कप्प्याच्या बरोबर खाली जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, फोड आहेत, मसुरीएवढ्यापासून रुपयाएवढे. गॉगल लावून एक टोचला, आतलं पाणी दाबानं उडालं. तोच आंबट वास, व्हिनेगरसारखा. आता २४ तारखेच्या वासाचा उलगडा झाला. फायबरचे धागे धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन पाण्याला पूर्ण रोखत नाही, फार सावकाश का होईना, पाणी आत झिरपतंच. आत रेझिनमधले न जमलेले अंश त्यात विरघळतात, त्याचं आम्ल बनतं, आणि हे दाट पाणी बाहेरून आणखी पाणी ओढून घेतं. फोड फुगतो तो असा. नेहमीच्या बोटीला हे पाण्यात असेपर्यंतच होतं, ट्रॉलीवर आली की तळ वाळतो. हिच्या पोटात बारा महिने पाणी, त्यामुळं ही शेडमध्ये उभी असतानाही आतून पाण्यातच होती.

इथं नुसतं वाळवून भागत नाही. त्या आंबट द्रवातला काही भाग उडून जात नाही, उलट हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून सगळे फोड ग्राइंडरनं उघडे केले आणि गरम पाण्यानं धुतले. वाळले की परत धुवायचे, हात चिकट लागायचा बंद होईपर्यंत. मंडळाचा एक जण बघायला आला होता. "बोट वाळवायला दिली तर तुम्ही आंघोळ घालताय व्हय?" म्हणाला.

२९ मार्च

मागची फळी. इंजिनाच्या बोल्टांची भोकं कधी सील केलेलीच नव्हती. बोल्ट थेट प्लायवूडमधून गेलेले. दर वेळी इंजिन थरथरलं की भोक थोडं सैल, सैल भोकातून पाणी प्लायमध्ये, प्लाय ते बाजूला खेचून घेणार. खालच्या कडेला बारीक ड्रिल घातलं, तर बिटाला आधी पांढरा भुसा, मग तपकिरी, मग नुसता चहाच्या चोथ्यासारखा लगदा. हे वाळवून वाचत नाही. आतल्या बाजूचं फायबर कापून प्लाय काढला. अर्धा छिन्नीनं निघाला, खालचा अर्धा हातानं.

नवा मरीन प्लाय आणला, आयएस ७१० शिक्क्याचा. या प्लायचे तुकडे ७२ तास उकळून तपासलेले असतात, तेव्हा त्याच्या चिकटीवर भरवसा ठेवता येतो. १२ मिलिमीटरचे तीन थर इपॉक्सीनं (पॉलिस्टरहून वेगळं, जास्त चिवट रेझिन) एकमेकांना चिकटवले, कडा इपॉक्सीनं माखल्या. बोल्टांसाठी आधी मोठी भोकं पाडली, ती सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरली, आणि ती जमल्यावर त्यातून बोल्टाचं भोक पाडलं. आता बोल्टाभोवती लाकूडच नाही, बोल्ट सैल झाला तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. बुचाच्या भोकालाही तेच केलं.

बारक्याला सांगून ठेवलं : पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. त्यामुळं जिथं इपॉक्सी लागलं तिथून पुढं सगळं इपॉक्सीच.

उद्या पाडवा, बंद.

५ एप्रिल

नाळेतला डबा मला छळत होता. त्याच्या तळाला चीर नाही, वर भेग नाही, तरी आत पाणी. आज दाब देऊन बघितलं. डब्याला पाडलेल्या भोकावर रबर लावून फळी आवळली, त्यात दोन नळ्या : एकीतून सायकलच्या पंपानं हवा, दुसरी पारदर्शक, इंग्रजी यू आकारात वळवून रंगीत पाणी भरलेली. पाण्याच्या दोन पातळ्यांत दहा सेंटिमीटर फरक आला की थांबायचं. दहा सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेवढ्या दाबात एका चौरस मीटरवर १०० किलोचा भार पडतो. कॉम्प्रेसर लावणाऱ्यांचे डबे फुटतात ते हा हिशेब न केल्यामुळं.

साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. सांधे गप्प. डेकवरचे स्क्रू गप्प. नाळेला दोर बांधायची कडी असते, तिच्या खालच्या बोल्टापाशी फेस जमायला लागला. बारीक, न थांबणारा.

ही कडी बोट भरली की पाण्याच्या रेषेपाशी येते. आता यातून पाणी कसं शिरतं ते बघा. बोट घाटावर उन्हात उभी असते, भगवा डेक चांगला ५० अंशांपर्यंत तापतो. आतली हवा फुगते आणि कडीच्या बोल्टातून बाहेर जाते. मग बोट २५ अंशांच्या पाण्यात ढकलतात. हवा निवून आकसते, साधारण पावणेआठ टक्के. डबा दीडशे लिटरचा, म्हणजे अकरा-साडेअकरा लिटर जागा आत रिकामी होते. ती भरायला वाट एकच, आणि ती वाट आता पाण्यात बुडालेली. पाणी झिरपत नाही, डबा ते ओढून घेतो. बाहेर यायला मात्र तसा जोर नसतो. एका खेपेला अगदी पेलाभर गेलं तरी काही पावसाळ्यांत डबा भरणारच.

पूर्ण हवाबंद डब्यावर माझा विश्वास नाही तो यासाठी. तापणारी-निवणारी प्रत्येक पेटी श्वास घेते. तिला तो वरून घेऊ दिला नाही तर ती खालून घेते. कडीचा बोल्ट सील करणारच, पण त्याबरोबर डब्याला सगळ्यात उंच जागी चार मिलिमीटरची नळी, तोंड खाली वळवलेलं, आतल्या बाजूला. मामांना हे पटलं नाही, "भोक बुजवायला आलेल्या बोटीला भोक पाडतोय" म्हणाले. नळी बसवली.

१४ एप्रिल

जोतिबाच्या यात्रेमुळं बारका आणि शेजारच्या शॉपमधले निम्मे लोक डोंगरावर. बोटीला घाई नाही, ती वाळतीय.

वाळली का हे हात लावून कळत नाही. अंडी उबवायच्या पेटीत ठेवतात तो छोटा आर्द्रतामापक संध्याकाळी कप्प्यात ठेवतो, भोकं बंद करतो, सकाळी सातला आकडा बघतो. सुरुवातीला बाहेर ६० असताना आत ८८ यायचा, म्हणजे रात्रभर भिंती ओल सोडत होत्या. दिवसा संगणकाचे जुने पंखे लावून एका भोकातून हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. आज आत ६३, बाहेर ६१. तळाला बाहेरून प्लॅस्टिकचे चौकोन टेप लावून चिकटवले होते, तेही उन्हात आतून घामेजले नाहीत. उजव्या बाजूचा एक सोडून. तिथं अजून एकदा गरम पाणी.

१९ एप्रिल

दुपारी चारला वळीव. आधी धुरळा, मग गारा, शेडचा पत्रा वाजून कानठळ्या. ताडपत्री ओढली. आकडा रात्रीत ७९ वर, पण बाहेरही तेवढाच होता. वळवानंतर लगेच फायबर चढवत नाही. दोन-तीन कडक उन्हं जाऊ दिली.

२८ एप्रिल

बंद करायला घेतलं. फोड भरले, पट्ट्यांतली भोकं तळापर्यंत खाली आणून आत पाइपचे तुकडे बसवले, कडा रेझिननं माखल्या. डाव्या-उजव्या कप्प्यांतून मधल्यात पाणी येईल अशी वाट काढली. आता कुठंही पाणी शिरलं तर ते बुचापाशीच येणार. या उन्हात रेझिन जमवणारा हार्डनर एक टक्क्यावर ठेवला, तरी कालवलेल्या रेझिनचा पेला हातात तापायला लागतो. थोडं थोडंच कालवायचं.

फोमच्या जागी काय, यावर मंडळाशी बरीच चर्चा झाली. थर्मोकोल स्वस्त म्हणून एकानं आणूनच ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यावर रेझिनचे चार थेंब टाकून दाखवले, खड्डा पडला. रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोल खातं. शेवटी पाच लिटरचे जाड प्लॅस्टिक कॅन. गावातली पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती कॅन पाठीला बांधूनच. आमच्या वेळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा असायचा. त्यामुळं हे समजावून सांगावं लागलं नाही. कप्प्यांत २६, नाळेत ८. एकाची उचल, म्हणजे पाण्यात वर धरायचा जोर, पाच किलो, एकूण १७०. फायबर पाण्याच्या दीडपट जड, म्हणून पूर्ण बुडालेली २४० किलोची बोट पाण्यात ८० किलोच भरते. इंजिनाचे ५० धरले तरी ४० किलोची उचल उरते, कडेला धरून तरंगणाऱ्या माणसांसाठी.

फोम याहून जास्त उचल देतो, हे कबूल. कॅनच्या मधल्या फटी वाया जातात. आणि फोममुळं फ्लोअरला आधार होता, तो गेला, म्हणून दोन आडव्या पट्ट्या वाढवाव्या लागल्या. पण कॅन झाकणातून एकेक बाहेर काढता यावेत म्हणून मागचं झाकण मोठं केलंय, आणि दर उन्हाळ्यात कप्पा रिकामा करून बघता येईल. बघता येणारी कमी उचल मला न बघता येणाऱ्या जास्त उचलीपेक्षा बरी वाटते.

२३ मे

चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरली होती, पण यंदा मे महिन्यातच पावसानं बैठक मारलीय. मंडळाचे फोनवर फोन. आज एकाच्या शेततळ्यात बोट सोडली. तळं प्लॅस्टिक अंथरलेलं, पाणी स्थिर, घाटापेक्षा बरं. वाळूची पोती घालून ५०० किलो भार, रात्रभर तशीच.

२४ मे

सकाळी झाकणं उघडली. मधला कप्पा कोरडा. डावा कोरडा. नाळ कोरडी, नळीचं तोंडही. उजव्या कप्प्यात अर्धी वाटी पाणी. झाकणाच्या रबर रिंगवरून ओघळ दिसतोय, रात्री पाऊस होता. रिंग एका जागी चपटी आहे. बातम्यांत मान्सून आज केरळात पोचला म्हणून.

२ जून

परत टांगली : २५८ किलो. बनवणाऱ्याच्या पट्टीवरल्या वजनापेक्षा १८ जास्त. नवी फळी, झाकणं, कॅन आणि वाढीव पट्ट्या यांत ते बसतात. हा आकडा आणि तारीख फ्लोअरच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिलीय. पुढच्या वर्षी परत टांगायची. दहा किलोच्या वर फरक आला तर फोन करायचा.

बोट गावात गेली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराची इशारा पातळी लागते, तेव्हा घाई उडते आणि बूच लावायचं राहतं. म्हणून बूच साखळीनं फळीला बांधलं आणि शेजारी रंगवलं : "जमिनीवर बूच काढा, झाकणं उघडी. पाण्यात बूच लावा, झाकणं बंद." मंडळाच्या अध्यक्षांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, झाकणं उघडी ठेवली तर उंदीर शिरतील त्याचं काय. रास्त आहे. उघड्या तोंडांना बांधायला मच्छरदाणीची जाळी कापून पाठवतोय, उजव्या झाकणाच्या नव्या रिंगबरोबरच.